अळ्यांच्या खोलीतला टीव्ही

टीव्ही अळ्यांच्या खोलीत नेल्यानंतर अळ्या जास्त खाऊ लागल्या.

ही गोष्ट प्रथम धाकट्याने सांगितली. तो आठ वर्षांचा होता आणि दिवसातून निदान एक तरी न पटणारी गोष्ट सांगत असे. त्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मग ती त्याच्या आईच्या ध्यानात आली. सकाळी ट्रेमधला उरलासुरला पाला काढणे हे तिचे काम. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला रोज टोपलीभर सुकलेला पाला निघत असे; टीव्ही नेल्यानंतर तो ओंजळीत मावू लागला. ओंजळ हे माप काटेकोर नाही. पण ओंजळ तीच होती आणि फरक लहान नव्हता.

घर रेशमाचे होते. मागच्या उतारावर तुती, आणि तुतीच्या कडेला जाड मातीच्या भिंतींची एक बुटकी खोली. खोलीत बांबूच्या मांडण्या, मांडण्यांवर ट्रे, ट्रेमध्ये अळ्या. अंड्यातून निघते तेव्हा अळी पापणीच्या केसाएवढी असते. चार वेळा कात टाकून ती बोटाएवढी होते आणि मग स्वतःभोवती कोष विणते. या सगळ्या काळात ती फक्त तुतीचा पाला खाते. लहान अळीला तो पाला दोऱ्यासारखा बारीक चिरून द्यावा लागतो, आणि चिरलेला पाला लवकर सुकतो.

खोली आजोबांनी बांधलेली, म्हणून खोलीचे नियमही आजोबांचे. पाय धुऊन यायचे. हात धुऊन यायचे. आत काही खायचे नाही. आणि आत आवाज चढवून बोलायचे नाही. पहिल्या तीन नियमांचा रोगराईशी संबंध आहे. चौथ्याला कसलाच आधार नाही, कारण अळीला कान नसतात. पण पुढे जे घडले त्यात या चौथ्या नियमाचा वाटा आहे.

मागचे दोन हिवाळे वाईट गेले होते. त्याआधी हिवाळ्याची बॅच कधी थोडी कमी, कधी बरी, पण येत असे. या दोन वर्षी मात्र अळ्या सुस्त पडल्या. निम्म्या कातीला बसत, म्हणजे डोके वर करून निश्चल राहत, तेव्हा उरलेल्या निम्म्या खात असत. कोणाला पाला घालावा आणि कोणाला उपाशी ठेवावे हे ठरवता येईना. एकदा हा ताल चुकला की बॅच सावरत नाही. दुसऱ्या वर्षी बाप जे काही कोष निघाले ते घेऊन बाजारात गेला, तर व्यापाऱ्याने एक कोष चिमटीत धरला, दाबला आणि तो तसाच चपटा राहिलेला सगळ्यांना दाखवला.

“हे कोष आहेत की कांद्याची सालं?”

आजूबाजूचे हसले. बापही हसला, कारण दुसरे काय करायचे ते त्याला सुचले नाही. पोती पाठीवर टाकून तो परत आला.

या हिवाळ्याची अंडी घरी आली त्या दिवशी त्याने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, पुसली आणि दाराशी ठेवली.

“ही शेवटची बॅच,” तो बायकोला म्हणाला. “ही गेली तर तुती उपटायची. कारखान्यात पहारेकऱ्याची जागा आहे, मी जातो. तू मुलांना घेऊन भावाकडे राहा.”

“आणि मामंजी?”

“त्यांचंही बघू.”

आजोबा दाराआडच बसले होते. “माझं काय बघायचंय?” ते म्हणाले. “मी इथेच आहे. ट्रंकेत मी मावत नाही.”

टीव्ही त्यावेळी पुढच्या खोलीत होता. मुलांच्या मामाने नवा घेतला तेव्हा आपला जुना, पेटीएवढा, इकडे पाठवला. येताना वाटेत त्याचा रिमोट हरवला, तेव्हापासून बटणे दाबायचे काम धाकट्याकडे आले आणि घरात सगळे त्यालाच रिमोट म्हणू लागले. “रिमोट, ऊठ,” “रिमोट, पुढचं लाव.” अंधार पडायच्या आत सगळे पुढच्या खोलीत जमत आणि झोपेपर्यंत उठत नसत. धाकट्याचे जेवण ताटाकडे न बघता होई. एकदा थोरलीने गंमत म्हणून त्याच्या ताटात लिंबाची साल ठेवली, तर त्याने तीही चावून खाल्ली. शाळेत तो बाकावर झोपे. थोरली चौदा वर्षांची, मुळात कमी बोलणारी. ती आता आरशापुढे उभी राहून मालिकेतल्या बायकांसारखी एक भुवई वर करायला शिकली होती. बाप आणि आजोबा एकमेकांशी “सरक” आणि “आवाज वाढव” याखेरीज काही बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते. बापही संध्याकाळचा शेवटचा पाला घाईने घालायचा: जाड थर, सकाळपर्यंत पुरेल असा, आणि पाय पुसत टीव्हीपुढे.

पाला चिरायला मग एकटी आई उरे.

अंड्यांतून अळ्या निघाल्या त्या आठवड्यात थंडी वाढली. आईच्या बोटांना भेगा पडल्या आणि तुतीचा चीक त्यांत झोंबू लागला. तिने खिडकीतून हाक मारली.

“कोणीतरी या रे चिरायला.”

“जाहिरात लागली की येते,” थोरली म्हणाली.

जाहिरात लागली. कोणी आले नाही, कारण धाकट्याला जाहिरातीच सर्वांत जास्त आवडत आणि त्याच्या अंगावरून ओलांडून जाणे म्हणजे भांडण. आईने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा नाही. ती सुरी ठेवून उठली, पुढच्या खोलीत आली आणि तिने टीव्हीची पिन ओढली.

“अगं, अगं!” आजोबा ओरडले. “आत्ता सासूला कानफटात बसणार होती!”

“बसू दे मामंजी, तिकडे जाऊन बघा,” आई म्हणाली. पदराची चुंबळ करून तिने डोक्यावर ठेवली. “उचल गं थोरले, एक बाजू धर.”

“कुठे नेतेस?” बाप उभा राहिला.

“अळ्यांकडे.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“तुम्हीच म्हणालात ना, ही बॅच जाणारच आहे? मग जाता जाता त्यांची करमणूक तरी होऊ दे.”

रोज पाल्याचे भारे वाहणाऱ्या बाईला ते ओझे जड नव्हते. अंगणातून टीव्ही तिच्या डोक्यावर हलत गेला. मागून वायर धरून धाकटा, त्याच्या मागे थोरली, तिच्या मागे काठी टेकत आजोबा, आणि सर्वांत मागे, अजून बोलत असलेला बाप. खोलीच्या उंबऱ्याशी येताच त्याचा आवाज आपोआप खाली आला. इतक्या वर्षांची सवय होती. कुजबुजत भांडता येते, पण फार वेळ नाही, माणूस दमतो.

“आणि ठेवणार कशावर?” त्याने कुजबुजत विचारले.

आईने इकडेतिकडे पाहिले. मग थोरलीला पाठवून दाराशी ठेवलेली पत्र्याची ट्रंक आणवली आणि टीव्ही तिच्यावर ठेवला.

“माझी ट्रंक?”

“दुसरं काही एवढं उंच नव्हतं,” ती म्हणाली.

थोरलीने केबल खिडकीतून आत ओढली. आवाज इतका कमी ठेवावा लागला की ऐकू येण्यासाठी सगळ्यांना एकमेकांना चिकटून बसावे लागले. प्रत्येकापुढे आईने एक लाकडी पाट आणि सुरी सरकवली.

“बघायचंय ना? बघा. हात रिकामे आहेत तुमचे.”

त्यानंतरच्या संध्याकाळी अशा गेल्या. खोलीत खायचे नाही, म्हणून सगळ्यांना आधी जेवावे लागे. ताटावर बसताना टीव्ही नसल्यामुळे धाकट्याला आपण काय खातो ते दिसू लागले आणि त्याने लगेच दोन भाज्यांबद्दल तक्रार केली. मग हातपाय धुऊन सगळे खोलीत. पाचही जण मांडणीला पाठ लावून, गुडघ्याला गुडघा लावून. सुऱ्यांचा चकचक आवाज, टीव्हीची कुजबुज. चिरलेला पाला साचला की थोरली उठे आणि ट्रेंवर भुरभुरून येई. थोड्या वेळाने बाप उठे. मग पुन्हा थोरली. चॅनलवरून भांडण निघाले तर ते खुणांनी करावे लागे. आजोबांना नीट ऐकू येत नसे, म्हणून पडद्यावर कोण काय म्हणाले ते थोरली त्यांच्या कानात सांगे, आणि जी मुलगी वर्षभरात चार वाक्ये नीट बोलली नव्हती ती आता तासभर बोलत असे.

“ती म्हणतेय, मी हे घर सोडून जाणार नाही.”

“मग रडते कशाला? राहा म्हणावं.”

“आजोबा, तिला कोणी हाकलतंय.”

“कोण? तो मिशीवाला? मला पहिल्या दिवसापासून तो पटला नव्हता.”

धाकटा मात्र पडद्याकडे कमी आणि मागच्या ट्रेंकडे जास्त बघू लागला होता. “बघ, कार्टून लागलं की कसं खातात,” तो आईला म्हणाला. “यांना आवडतं.”

पहिली कात एकसाथ आली. संध्याकाळी सगळ्या अळ्या खात होत्या; दुसऱ्या सकाळी सगळ्यांची डोकी वर. बाप दाराशी उभा राहून बघत राहिला, मग कातीत ट्रे कोरडे राहावेत म्हणून त्याने त्यांवर चुना भुरभुरला. दुसरी कातही तशीच.

रेशीम खात्यातल्या मॅडम तपासणीला आल्या त्या याच वेळी. त्या स्कूटरवरून येत आणि न सांगता चपला बाहेर काढत, म्हणून आजोबांना पसंत होत्या. त्यांनी एकेक ट्रे ओढून पाहिला, एक अळी तळहातावर घेतली.

“छान आहेत. काय वेगळं केलंत यंदा?”

बापाने जमिनीकडे पाहिले. सरकारी माणसापुढे काय सांगायचे? “काही नाही,” तो म्हणाला. “जरा लक्ष दिलं.”

“अळ्या टीव्ही बघतात,” धाकटा म्हणाला.

बापाचे कान लाल झाले. मॅडम हसल्या नाहीत. “काय बघतात?”

“सगळं. बातम्या लागल्या की झोपतात.”

“बातम्या लागल्या की मीही झोपते,” मॅडम म्हणाल्या. मग पिशवीतून एक थर्मामीटर काढून त्यांनी मांडणीच्या खांबाला अडकवला. “पाल्यामुळे असेल, हवेमुळे असेल. टीव्हीमुळेही असेल, मला माहीत नाही. तू बघत जाशील का गं? संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा.”

थोरलीने मान हलवली, आणि बहुधा नकळत, एक भुवई वर केली.

ही बातमी बाहेर जायला वेळ लागला नाही. ओढ्यापलीकडे ट्रॅक्टरवाल्याची पत्र्याची मोठी शेड होती. त्याने अंडी त्याच दिवशी, त्याच पेटीतून उचलली होती, आणि त्याच्या अळ्या मागच्या दोन वर्षांसारख्याच मागेपुढे झाल्या होत्या. तो बापाला वाटेत भेटला.

“काय, तुमच्याकडे म्हणे अळ्यांना मालिका दाखवता?”

“पोरगं काहीही बोलतं हो.”

“नाही, नाही, लपवू नका. आमचा टीव्ही भिंतीएवढा आहे. तुमच्या डब्यावर एवढ्या खातात, तर आमच्याकडे मांडणीसकट खातील.”

आणि त्याने खरोखर तो भिंतीएवढा टीव्ही शेडमध्ये लावला. संध्याकाळ झाली की चालू करायचा, आवाज पूर्ण सोडायचा, चोरी होऊ नये म्हणून बाहेरून कुलूप लावायचे आणि घरी जायचे. ओढ्याच्या अलीकडे अंगणात उभे राहिले तरी संवाद ऐकू येत. आजोबांच्या मते ही फारच सोयीची गोष्ट होती.

तिसऱ्या कातीनंतर एका संध्याकाळी पडद्यावरचे चित्र आकसत गेले, मध्ये एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही विझला. जळका वास आला. आईने आधी खिडकी उघडली. धाकटा रडू लागला; पण तेही नियमात, तोंडावर हात ठेवून.

सकाळी टीव्ही दुरुस्त करणारा आला. त्याला सगळे खुडबुड्या म्हणत. त्याने मागचे झाकण काढले, आत फुंकर मारली आणि झाकण परत लावले.

“याचं वय झालं. आता याच्यात काही नाही.”

“काहीच नाही?” बापाने विचारले.

“आतून उंदराला राहायला बरं आहे.”

त्या संध्याकाळी बापाने टीव्ही उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि त्याच्याखालची ट्रंक ओढत पुन्हा घराच्या दाराशी नेली. जमिनीवरून ती जाताना पत्र्याचा आवाज झाला, आणि या वेळी त्याने तो होऊ दिला. मग शेवटचा पाला जाड थरात घालून तो ओट्यावर जाऊन बसला. मुले ओढ्यापलीकडे पळाली आणि ट्रॅक्टरवाल्याच्या शेडच्या खिडकीला नाक लावून उभी राहिली. आजोबा अंगणात बसून दुरून येणारे संवाद ऐकू लागले. आईने थोडा वेळ एकटीने पाला चिरला. मग तिची बोटे गारठली, आणि तीही उठली.

दुसऱ्या सकाळी टोपली भरून पाला निघाला. वरून सुकलेला, खालून तसाच. अळ्या अंग आखडून पडल्या होत्या.

“पारा बराच खाली आलाय,” थोरली म्हणाली. “एवढा कधी नव्हता.”

बापाने ट्रेवर हात ठेवला. अळी थंड लागते. तिच्या अंगात स्वतःची ऊब नसते. “बघ,” तो बायकोला म्हणाला. त्यात राग नव्हता. “टीव्ही गेला आणि यांचं खाणं गेलं. ही बॅच जाणार, मी म्हणालो होतो.”

“टीव्ही तर इथेच आहे,” आईने जमिनीवरच्या पेटीकडे बोट दाखवले. “तुम्ही कुठे होतात?”

बापाने चुन्याचा डबा उगाच इकडचा तिकडे ठेवला.

संध्याकाळी जेवणे झाल्यावर आईने पाचही पाट मांडले. दाराशी जाऊन ट्रंक तिने स्वतः ओढत आणली, होती तिथे ठेवली, आणि सगळ्यांना हाक मारली. या वेळी एकदाच.

“दिसायला काही नसलं तरी पाला आहे. बसा.”

बसले. सुऱ्या चालू लागल्या. सगळे सवयीने ट्रंकेच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग धाकटा उठला, कोपऱ्यातला तळ फुटलेला एक ट्रे त्याने उचलला, ट्रंकेवर चढून बसला आणि ट्रेची चौकट तोंडासमोर धरली.

“नमस्कार,” तो कुजबुजला. “आजच्या ठळक बातम्या. खुडबुड्याने आमच्या टीव्हीत उंदीर सोडला.”

“आवाज वाढव,” आजोबा म्हणाले.

“इथे वाढवता येत नाही. तुम्ही जवळ या.”

आजोबा सरकले. थोरलीने हात लांब करून धाकट्याचा कान पिळला.

“आई गं! काय?”

“पुढचं चॅनल.”

धाकट्याने साबणाची जाहिरात केली, मग हवामान, मग सासूला कानफटात. ती त्याने स्वतःच स्वतःला मारली. आजोबा म्हणाले की इतके दिवस थांबून अखेर ती बसली, याचे समाधान आहे. बापाचे खांदे हलू लागले. तो हसत होता, पण खोलीतल्या नियमाप्रमाणे, आवाज न करता.

कान पुन्हा पिळला गेला. धाकट्याने चौकट नीट धरली.

“एक बाबा असतात. त्यांना कारखान्यात जायचं असतं. पण त्यांच्या ट्रंकेवर टीव्ही बसलेला असतो. तो उठतच नाही.”

सुऱ्या थांबल्या.

“चॅनल बदल,” बाप म्हणाला.

थोरलीने कान पिळला. धाकट्याने क्षणभर विचार केला.

“याही चॅनलवर तेच लागलंय.”

बाप खाली बघून पाला चिरत राहिला. चिरलेला पाला नेहमीपेक्षा बारीक होता. मग तो उठला, सगळ्या ट्रेंवरून हात फिरवत पाला भुरभुरून आला, आणि परतताना धाकट्याला ट्रंकेवरून उचलून आपल्या मांडीवर घेऊन बसला. मेलेला टीव्ही त्याने जमिनीवरून उचलून पुन्हा ट्रंकेवर ठेवला तो झोपायला जाताना. विचारल्यावर म्हणाला, जमिनीला ओल असते.

सकाळी ओंजळभर पाला निघाला. थोरलीने सांगितले की पारा जागेवर आहे.

चौथी कात एकसाथ आली. मग शेवटचे खाणे, ज्यात अळ्या दिवसभर आणि संध्याकाळभर खातात आणि सगळी तुती अपुरी वाटते. पाच जणांचे खांदे भारे वाहून सुजले. मग अळ्यांची अंगे पिवळसर, काचेसारखी झाली, त्यांनी पाल्याकडे पाठ फिरवली, आणि त्यांना वेचून चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या जाळ्यांवर, सोडावे लागले. तेही बसूनच केले. धाकट्याने अखेरच्या संध्याकाळी क्रिकेटचा सामना दाखवला. दोन्ही संघ, पंच आणि पाऊस तोच होता.

बाजारात त्याच व्यापाऱ्याने एक कोष चिमटीत धरला आणि दाबला. कोष दबला नाही. त्याने दुसरे पोते उघडून तिथलाही एक दाबून पाहिला, मग दोन्ही पोती काट्याकडे ढकलली आणि पुढच्या माणसाकडे वळला. तो माणूस कोणाचे कौतुक करत नसे. बाप येताना सगळ्यांसाठी गरम टोप्या घेऊन आला. आजोबांची मोठी झाली; ती कानांवरून खाली येते आणि आता मुळीच ऐकू येत नाही, अशी त्यांनी तक्रार केली, पण ती काढली नाही.

मॅडम थर्मामीटर घ्यायला आल्या तेव्हा सगळे त्याच खोलीत होते. ट्रे धुऊन वाळत घातलेले, मांडण्या रिकाम्या.

“ट्रॅक्टरवाल्यांकडून येते आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे नीट आलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत टीव्ही चालू होता म्हणे.”

“आणि आमचा बंद,” थोरली म्हणाली. “बंद झाल्यावर पारा फक्त एकदा उतरला. आम्ही कोणी इथे बसलो नव्हतो तेव्हा. पुन्हा बसलो तर चढला.”

“म्हणजे माणसांची ऊब,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “खोली लहान, भिंती जाड. पाच माणसं. तुमच्या श्वासाची ओल, त्यामुळे पाला सुकत नाही. आणि पाला एकदम न घालता थोडा थोडा.” त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिले. “त्यांची शेड मोठी आणि पत्र्याची, हेही धरायला हवं. पण तुमच्याच खोलीत पारा माणसांबरोबर चढला-उतरला, हे पुरेसं आहे.”

“पण मागची दोन वर्षं?” बाप म्हणाला. “दोन्ही वर्षी थंडीच जास्त होती, म्हणून गेलं ना?”

“नाही. मागचे दोन्ही हिवाळे यंदापेक्षा उबदार होते.”

पाट रचत असलेली आई थांबली.

“टीव्ही आपल्याकडे कधी आला?” तिने विचारले.

“तुझ्या भावाने पाठवला तेव्हा,” बाप म्हणाला. “त्याला आता… दोन वर्षं झाली. हिवाळ्याच्या तोंडावर आला होता.”

“त्याच्या आधी आपण संध्याकाळी कुठे बसायचो?”

आजोबांनी टोपी कानांवरून वर केली. प्रश्न त्यांना नीट ऐकू आला होता.

“इथेच,” ते म्हणाले. “पाला चिरत. आणखी कुठे?”

धाकट्याने टीव्हीच्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा पाहिला आणि जीभ बाहेर काढली.

“फेकून द्यायचा का आता?” थोरलीने विचारले.

“कशाला?” आई म्हणाली. पदराने तिने काचेवरची धूळ पुसली. “मी डोक्यावरून इथे आणला म्हणून तुम्ही त्याच्या मागून आलात. माझ्या हाका ऐकून आला असतात का? राहू दे त्याला. बरं केलं त्याने.”

“ट्रंक अडकून राहील,” बाप म्हणाला.

“राहू दे.”

“हो,” बाप म्हणाला. “राहू दे.”

मॅडमनी खांबावरचा थर्मामीटर सोडला, मग थोरलीकडे पाहून पुन्हा होता तिथे अडकवला.

कारण असे होते. त्या खोलीला दुसरी कोणतीही ऊब नव्हती. तिथे संध्याकाळी बसून पाला चिरणारी पाच माणसे हीच तिची शेगडी होती. टीव्ही पुढच्या खोलीत आला तेव्हा माणसे तिकडे गेली आणि दोन बॅचेस गेल्या. टीव्ही अळ्यांच्या खोलीत आला तेव्हा माणसे परत आली. अळ्यांनी टीव्ही पाहिला नाही. मागच्या दोन हिवाळ्यांत थंडी वाढली नव्हती. खोलीत कोणी बसत नव्हते.